अक्षरांचे मोल : तंजावरच्या पोथ्या, त्यांचे लेखक आणि मोबदल्याचे माप

तंजावरच्या सरस्वती महालातील संस्कृत पोथ्यांची वर्णनात्मक सूची पी. पी. एस. शास्त्री यांच्या संपादनाखाली १९२८ पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागली. त्या सूचीतील कोणतीही नोंद उघडली तर पोथी ताडपत्रावर आहे की कागदावर, पत्रे किती, दर पृष्ठी ओळी किती, लिपी कोणती, पोथी पूर्ण की खंडित, अशी माहिती ओळीने दिलेली आढळते. तिच्यातच ‘ग्रंथ’ या शब्दापुढे एक आकडा असतो. नव्या अभ्यासकाचा येथे घोटाळा होतो, आणि तंजावरात तो होण्यास दुहेरी कारण आहे. ग्रंथ म्हणजे पुस्तक हा अर्थ मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेला. दक्षिणेत संस्कृत लिहिण्यासाठी वापरली जाणारी लिपी, तिचेही नाव ग्रंथ. सूचीतील हा आकडा मात्र या दोन्ही अर्थांशी संबंध नसलेला आहे. येथे ग्रंथ म्हणजे बत्तीस अक्षरे.

अनुष्टुभ् छंदाच्या श्लोकात आठ अक्षरांचे चार चरण असतात. त्या बत्तीस अक्षरांचे एक माप मानून सर्व वाङ्मय मोजण्याची ही रीत फार जुनी आहे. महाभारत लक्ष श्लोकांचे, रामायण चोवीस हजारांचे, भागवत अठरा हजारांचे हे पारंपरिक आकडे सर्वांना ठाऊक असतात. परंतु हे माप पद्यापुरते नव्हते. भाष्य, टीका, गद्य आख्यायिका, वैद्यकाची योगसंग्रहासारखी पुस्तके, सर्वांची अक्षरे मोजून त्यांना बत्तिसांनी भागावयाचे आणि जो आकडा येईल ती त्या कृतीची ग्रंथसंख्या समजावयाची. प्रत्यक्षात प्रत्येक अक्षर कोणी मोजीत बसत नसे. पृष्ठावर दहा ओळी आणि ओळीत सरासरी चाळीस अक्षरे असली, तर एका पृष्ठाची चारशे व पत्राच्या दोन्ही बाजूंची मिळून आठशे अक्षरे होतात. म्हणजे एका पत्रात पंचवीस ग्रंथ, आणि चाळीस पत्रांत एक हजार. व्यावसायिक नकलकाराचा मोबदला सामान्यतः या हजाराच्या हिशेबाने ठरत असे. पोथीच्या अखेरीस लिहिलेली ग्रंथसंख्या ही म्हणून केवळ माहिती नाही. ती एका अर्थी मजुरीची पावती आहे.

लेखनाचे दाम अक्षरांवर ठरवावयाचे, ही कल्पना आधुनिक वाचकाला हिणकस वाटण्याचा संभव आहे. भाषांतरकाराला शब्दामागे आणि टंकलेखकाला पानामागे पैसे मिळतात, हे तो मुकाट्याने मान्य करतो. जुन्या पोथीसंबंधी मात्र त्याची अपेक्षा उदात्त असते. नकलकाराच्या बाजूने पाहिले तर यापेक्षा न्याय्य माप सापडणे कठीण. त्याचे श्रम खरोखरच अक्षरांच्या प्रमाणात वाढतात. वेदान्तावरील गहन प्रकरण आणि एखादे सामान्य व्रतमाहात्म्य, दोहोंच्या हजार ग्रंथांना त्याची पाठ सारखीच दुखते. पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर एका जागी खिळवून, कष्टाने हे लिहिले आहे, तरी ते यत्नाने सांभाळावे, अशी विनवणी करणारा श्लोक देशभरच्या पोथ्यांच्या शेवटी आढळतो, तो उगाच नाही. पाश्चात्त्य जगातही हेच माप होते. रोमन सम्राट डायोक्लिशन याने इ. स. ३०१ मध्ये वस्तूंचे व श्रमांचे कमाल दर ठरविणारे जे फर्मान काढले, त्यात उत्तम प्रतीच्या लेखनाच्या शंभर ओळींस २५ दिनार, दुय्यम प्रतीच्या लेखनास २० दिनार आणि अर्ज अथवा कायद्याचे कागद लिहून देणाऱ्यास १० दिनार असा दर आहे. ओळींची संख्या तीच. दर मात्र तीन. माप आणि प्रत या दोन गोष्टी निराळ्या आहेत आणि त्यांचा निवाडा निरनिराळा करावा लागतो, ही जाण त्या फर्मानात स्पष्ट दिसते.

भारतीय पद्धतीत प्रतीचा निवाडा कसा होई? मत्स्यपुराणात राजाच्या लेखकाची लक्षणे सांगितली आहेत. अक्षरे शिरोरेखेसह, पूर्ण, सारख्या ओळीतली व सारख्या आकाराची असावीत, लेखकाला सर्व देशांच्या लिप्या याव्यात, अशी त्यांत अपेक्षा आहे. ही सुलेखनाची लक्षणे झाली. पाठाची शुद्धता ही वेगळी बाब, आणि ती वेगळ्या माणसाकडे असे. लिहिणारा एक, शोधणारा दुसरा. कागदी पोथीत चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासून त्यावर शुद्ध पाठ लिहीत, किंवा तो समासात नोंदवीत. मराठीत ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला तो येथून. ताडपत्रावर अक्षरे लोखंडी लेखणीने कोरलेली, तेथे हरताळीचा उपयोग नाही. तेथे चूक खोडून पुढे जावे लागे. ज्या पोथीवर शोधनाच्या खुणा नाहीत ती निर्दोष असेल असे नव्हे. बहुधा ती कोणी तपासलेलीच नसते.

अल्बेरूनी याने इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयी लिहिताना येथील नकलकारांच्या निष्काळजीपणाबद्दल कडक तक्रार केली आहे. मूळ प्रतीशी ताडून पाहण्याचे कष्ट ते घेत नाहीत, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या नकलेतच पुस्तक इतके बिघडते की ते निराळेच पुस्तक वाटावे, असा त्याचा आशय. शास्त्रे पद्यात रचण्याचे एक कारण म्हणूनही तो हेच सांगतो : छंदामुळे कोणी काही घातले वा गाळले तर ते लगेच उघड होते. नकलकारांनाही आपली लौकिक प्रतिष्ठा ठाऊक असावी. जसे पुस्तक पाहिले तसे उतरले, शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊ नये, अशा अर्थाचा श्लोक पोथ्यांच्या शेवटी सर्रास येतो. दोषाचे उत्तरदायित्व झटकण्याचा हा सर्वसंमत शिरस्ताच होता.

कमी श्रमात मोबदला मिळविण्याच्या वाटा मोजण्याच्या रीतीतूनच निघतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मूळ ग्रंथाची संख्या ठाऊक आहे आणि तिच्यावर आधी दाम ठरला आहे, अशा वेळी गाळणे फायद्याचे होते. दोन ओळींत एकच शब्द आला की नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर जाते आणि मधला मजकूर नाहीसा होतो, ही चूक प्रामाणिक की सोयीची हे नंतर ठरविता येत नाही. उलट उतरलेल्या प्रतीची अक्षरे मोजून दाम द्यावयाचा असला, तर भर घालणे फायद्याचे. महाभारतासारख्या ज्ञातसंख्य ग्रंथाला दोन्हीपासून थोडे तरी संरक्षण असते. अखेरचा आकडा मालकाला पडताळता येतो. नव्या रचनेला ते कवच नाही.

मराठीत या प्रश्नाला आणखी एक पीळ पडतो. मराठी पोथ्यांत अध्यायाच्या शेवटी संख्या देतात ती बहुधा ओव्यांची. ओवीला अक्षरांचे बंधन नाही. तीन सयमक चरण आणि आखूड चौथा चरण एवढेच तिचे रूप. ज्ञानेश्वरीतील ओवी आणि पुढच्या काळातील एखाद्या चरित्रकाराची ऐसपैस ओवी यांत अक्षरांचा केवढा तरी फरक पडतो. ओवीसंख्या हे म्हणून श्रमाचे विश्वसनीय माप होऊ शकत नाही. ती अभिमानाची गोष्ट होऊ शकते, आणि झालीही. एकनाथी भागवताच्या १८,८१० ओव्या हा आकडा आपण आदराने सांगतो. त्याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि अखेरीस बजावले की या पाठात आपली ओवी मिसळणारा अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवतो. या कामाचे दाम नाथांना कोणी दिले नव्हते. संख्या वाढविण्यात ज्याचा लाभ नाही असा माणूस संपादनाला लाभला, हे ज्ञानेश्वरीचे भाग्य म्हटले पाहिजे.

आता उलट बाजू. ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ ठेवणाऱ्या नकलकाराची आपण थट्टा करतो. पाठचिकित्सकाला मात्र तोच उपकारक ठरतो. ज्याला मजकूर कळत नाही तो त्यात सुधारणाही करीत नाही. मूळ प्रतीतील चूक तो इमानाने उतरवितो आणि त्या चुकीवरून प्रतींची वंशावळ लावता येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या संपादनाखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा दाक्षिणात्य पाठ ताडून पाहण्याचे एक केंद्र तंजावरास होते. अशा कामात हुशार नकलकाराने गुळगुळीत केलेला पाठ अधिक फसवा असतो. नकलेत बुद्धी न वापरणे हा दोष की गुण, याचे उत्तर विचारणारा कोण आहे यावर अवलंबून राहते.

येथवर लेखक हा शब्द टाळून नकलकार म्हटले आहे ते हेतुपुरस्सर. संस्कृतात लेखक म्हणजे लिहून घेणारा, उतरविणारा; रचना करणारा तो कवी किंवा ग्रंथकार. आजच्या मराठीत लेखक हा शब्द ग्रंथकाराला लागू झाला आणि मूळ लेखक नकलनवीस होऊन खाली गेला. शब्दाचे असे स्थलांतर नेहमीचेच. पण त्याबरोबर एकाचे माप दुसऱ्याला लागण्याचा धोका असतो. नकलकाराला अक्षरामागे दाम देणे न्याय्य होते, कवीला तसे देणे न्याय्य ठरेल काय?

या प्रश्नाचे सर्वांत खुसखुशीत उत्तर ‘भोजप्रबंधा’त आहे. सोळाव्या शतकात बल्लाळाने रचलेल्या या पुस्तकात भोजराजा प्रसन्न झाला की अक्षरामागे लक्ष देतो. ही अतिशयोक्ती असली तरी तिच्या मुळाशी नकलकाराचेच माप आहे, फक्त दर अवाच्या सवा वाढविलेला. अशा राजाच्या दारी काय घडणार हे कथाकाराला ठाऊक होते. काही ब्राह्मण काव्याचा गंध नसताना दक्षिणेच्या आशेने श्लोक जुळवू लागतात. तूपवरणासह जेवण द्यावे, एवढ्या मागणीने अर्धा श्लोक कसाबसा होतो आणि गाडी अडते. कालिदास त्यांना उरलेला अर्धा पुरवतो. त्यात म्हशीच्या दह्याचा शुभ्रपणा शरदातल्या चांदण्याच्या उपमेने उजळून निघतो. राजा ऐकतो आणि निवाडा देतो : पूर्वार्धाला काही नाही, उत्तरार्धाला मात्र अक्षरामागे लक्ष. दोन्ही अर्धांची अक्षरसंख्या तंतोतंत सारखी, प्रत्येकी सोळा. संख्या ज्याला वेगळे करू शकत नाही ते रसिकाने ओळखावे लागते, हा या गोष्टीचा कणा आहे. अकराव्या शतकातील भोजाच्या सभेत कालिदास कसा, ही शंका येथे गैरलागू.

परंतु परीक्षकावर सारे सोपविले की परीक्षकाचेही दोष आत येतात. लोकपरंपरेत भोजाच्या सभेची आणखी एक गोष्ट सांगतात. नव्या श्लोकाला बक्षीस आहे. पण सभेत एकपाठी, द्विपाठी, त्रिपाठी असे पंडित बसलेले. कवीने श्लोक म्हटला की एकपाठी तो तत्काळ म्हणून दाखवितो, मग दोनदा ऐकलेला द्विपाठी, मग त्रिपाठी. श्लोक जुनाच ठरतो आणि खजिना शाबूत राहतो. शेवटी एक कवी असा श्लोक रचतो की राजाच्या वडिलांनी आपल्या वडिलांकडून नव्याण्णव कोटी घेतले होते, हे सभेतील पंडितांना ठाऊकच आहे. श्लोक जुना म्हणावा तर ऋण फेडावे लागते, नवा म्हणावा तर बक्षीस.

तंजावरच्या भोसल्यांनी या पेचातून जी वाट काढली ती सांगण्याजोगी आहे. व्यंकोजीने १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले. त्याचा पुत्र शहाजी (राज्यकाल १६८४–१७१२) याने १६९३ मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार करून दिले व गावाला शहाजीराजपुरम् हे नाव मिळाले. रामभद्र दीक्षित, ‘शाहेंद्रविलास’कार श्रीधर वेंकटेश ही त्यांतील ठळक नावे. अग्रहाराचे उत्पन्न ग्रंथामागे नव्हते, अक्षरामागे तर नव्हतेच. किती लिहिले ही विचारणाच दानात अंतर्भूत नव्हती; निवड आधी, दान नंतर, आणि पुढे विश्वास. नकलकाराचे माप पंडिताला लावावयाचे नाही, हा भेद या व्यवस्थेने आचरणात आणला.

तिचा परिणाम केवळ सुखद होता असे मात्र म्हणता येणार नाही. त्या विद्वानांपैकी आज वाङ्मयेतिहासात वारंवार येणारी नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकीचे आळशी होते, असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. अध्यापनाची पोथी होत नसते, आणि शिष्यांची गणती सूचीत येत नाही. तरी दरबाराश्रयाने जे विपुल लेखन झाले त्याचा मोठा भाग साच्यातला आहे, हेही मोकळेपणाने मान्य करावे लागते. राजाची वंशस्तुती, देवतेशी त्याची तुलना, ठराविक विवाहकथा यांची पुनरुक्ती या वाङ्मयाच्या वाचकाला थकविते. अनेक कृती राजांच्या नावावर आहेत. त्यांत राजाचा हात किती आणि सभापंडितांचा किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. शहाजीचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’च्या दीडशे वर्षे आधीचे म्हणून मराठी नाटकाच्या इतिहासात त्याला मान आहे. त्याची बांधणी गणेशस्तवन, सूत्रधार, कट्टियक्कारनाचा प्रवेश अशा तयार घटकांची. तयार घटकांनी काम भागते तेथे नवे श्रम कोणी करावेत, हा मोह प्रत्येक साच्यात असतो.

हा मोह कसा आवरता येतो, याचे उदाहरण पुढे शंभर वर्षांनी त्याच घराण्यात सापडते. सरफोजी दुसरा (राज्यकाल १७९८–१८३२) याने १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती दिला. त्याच्याकडे किल्ला व भोवतालचा भाग, वार्षिक एक लक्ष पागोड्यांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उरले. म्हणजे अग्रहारे वाटण्याचे दिवस संपले होते. विद्येवर जे खर्चावयाचे ते पेन्शनीतून. या राजाच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तमिळ भूमीतला अत्यंत साचेबंद प्रकार : विरहिणी नायिका, तिची सखी, मग भविष्य सांगणारी डोंगरी बाई, तिने आपला डोंगर व आपण हिंडलेले देश यांचे केलेले वर्णन. हे देशवर्णन म्हणजे साच्यातील सर्वांत सैल जागा. नेहमीची क्षेत्रे ओवीत गेले की कवीचे काम होई. सरफोजीच्या कृतीत त्याच जागी पृथ्वीचा नवा भूगोल येतो. खंडे, देश, समुद्र यांची माहिती कुरवंजीण इंद्राणीला सांगते. साचा मोडलेला नाही. त्यातील भरताड काढून तेथे कष्टाने मिळविलेला मजकूर बसविला आहे. काव्यदृष्ट्या ही कृती फार सरस आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. नावांच्या याद्या त्यातही आहेत. पण त्या याद्या कोणालाही घरबसल्या रचता आल्या नसत्या.

वैद्यकाच्या बाबतीत हीच दृष्टी अधिक ठळक दिसते. सरफोजीच्या धन्वंतरी महालात निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य होते; औषधे योजून त्यांचे गुण पाहावयाचे आणि उतरलेले योग तमिळ पद्यात बांधून घ्यावयाचे, अशी रीत होती असे मानतात. शरभेंद्राच्या, म्हणजे सरफोजीच्या, नावाने प्रसिद्ध असलेली वैद्यकाची तमिळ पुस्तके त्या उद्योगातून झाली. नेत्ररोग्यांची चित्रांसह नोंदपत्रेही सरस्वती महालात आहेत. येथे पद्य रचणाऱ्याच्या आधी आणखी कोणी तरी काम केलेले असते, आणि त्या कामाची कसोटी अक्षरांत नसून रोग्याच्या डोळ्यांत असते. नकलकाराचे माप आणि पंडिताचा विश्वास या दोहोंहून ही तिसरीच व्यवस्था होय.

याच सरफोजीने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. मजकूर बाबूराव चिटणीसाचा. मराठीतील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. दगडावर अक्षर महाग. म्हणून शिलालेख नेमके असतात, असा आपला सर्वसाधारण अनुभव. येथे तो खोटा ठरतो. राज्यकारभार जाऊन चार वर्षे झाली होती आणि कुळाची कथा कोठेही आखडती घेण्याची राजाची इच्छा नव्हती. लांबीचे कारण येथे लेखकाच्या लोभात शोधता येत नाही; चिटणीस हा कारकुनीतला माणूस, त्याला अक्षरामागे मिळण्याचा प्रश्न नव्हता. पाल्हाळ नेहमी मोबदल्यासाठीच होतो असे नाही, एवढे या भिंतीवरून दिसते. तंजावरच्याच मुद्रणालयात १८०६ मध्ये सख्खण पंडिताने केलेले इसापाच्या गोष्टींचे भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ छापले गेले, आणि तेथून नकलकाराच्या मापाचा आधारच ढासळू लागला. खिळे एकदा जुळविले की शंभर प्रतींना श्रम जवळजवळ तेवढेच.

माप मात्र मेले नाही. ते ग्रंथकाराकडे सरकले. भारतीय विद्यापीठांत २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या बढतीसाठी प्रसिद्ध लेखनावर गुण देण्याची पद्धत आणली. अमुक प्रकारच्या नियतकालिकात लेख, त्याला इतके गुण; सहलेखक असतील तर त्यांची वाटणी. हजार ग्रंथांच्या दरासारखीच ही सुटसुटीत व्यवस्था, आणि तिच्यामागील हेतूही न्यायाचाच होता : मर्जीतल्या माणसाला बढती मिळू नये. पण मोजला जाऊ लागला तो नकलकार नव्हे, पंडित. गुणांपुरते लेख आणि ते पैसे घेऊन छापणारी नियतकालिके यांचे पीक आले, तेव्हा २०१९ पासून मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी करण्यात आली. म्हणजे सभेत एकपाठी पंडित आणून बसविले. भारतीय भाषांतील कित्येक चांगली, जुनी, पण कागदपत्रांत ढिली नियतकालिके त्या यादीबाहेर राहिली, ही तक्रार मराठीतही ऐकू आली. २०२५ मध्ये ती यादी बंद झाली आणि परीक्षेची जबाबदारी पुन्हा ज्या त्या संस्थेवर आली. निवड आधी करून मग विश्वास टाकावयाचा, ही शहाजीची रीत कोणत्याही नियमावलीला झेपणारी नाही. कारण तीत चूक झाली तर तिचे खापर एका माणसावर फुटते, आणि नियमावल्या तर तेवढ्यासाठीच केलेल्या असतात.

ए. सी. बर्नेल याने सरस्वती महालातील संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली. तंजावरच्या राजांना या संग्रहासाठी पन्नास हजार पौंडांहून पुष्कळच अधिक खर्च आला असला पाहिजे, असा अंदाज तो प्रस्तावनेत करतो. हा आकडा पोथ्यांच्या मोलाचा नव्हे, त्या मिळविण्याच्या खर्चाचा; म्हणजे त्यात प्रामुख्याने खरेदी आणि नकलकारांची मजुरी. १८२० च्या सुमारास सरफोजी काशीयात्रेला गेला, तेव्हा तेथूनही त्याने पोथ्यांचा मोठा संग्रह आणविला. ज्यांनी त्या रचल्या त्यांना काय मिळाले, हे अशा अंदाजात कोठेच येत नाही.

ते शोधावयाचे तर सूची सोडून दफ्तराकडे वळावे लागते. तंजावरच्या राजांचे दफ्तर मोडीत आहे आणि त्यात दरबारच्या खर्चाच्या रोजच्या नोंदी आहेत : कोणाला शालजोडी, कोणाला धान्य, कोणाला रोख. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या कागदांतील निवडक भाग तमिळ अनुवाद व टिपा देऊन १९८९ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केला. दाक्षिणात्य मराठ्यांच्या समाजजीवनावर आज जे काही अधिकाराने लिहिले जाते, त्यातील बरेचसे त्या तमिळ खंडांच्या आधारे. कागद मराठीतले, त्यांतील हिशेब मराठी अभ्यासक बहुधा तमिळमधून इंग्रजीत आलेल्या उताऱ्यांवरून सांगतात. सरस्वती महालात मराठी हस्तलिखितेच सुमारे तीन हजार आहेत. त्यांच्या अखेरच्या पानांवरील ओवीसंख्या आणि मोडी जमाखर्चातील त्या त्या वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम मोडी वाचणाऱ्या कोणाही मराठी अभ्यासकाला आजही करता येण्यासारखे आहे.